चुलीजवळची चार हत्यारं

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. बोलणारी एक आहे, पण लिहिलंय सगळ्यांनी मिळून. बाकीच्या आत्ता शेजारीच बसल्यात आणि काही चुकलं तर कोपर मारणार आहेत. मागच्या खेपेला परसबागेतल्या वाफ्यांवर बोललो होतो. आज चुलीपाशी बसूया.

तुम्ही म्हणाल, घरोघरी गॅस आला, आता चुलीचं काय घेऊन बसलात. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, आमच्या वस्तीवरही सिलिंडर आले, खोटं कशाला बोला. पण सिलिंडर संपला की दुसरा भरायला पैसे लागतात, म्हणून तो चहाला, पाहुण्यांना आणि पावसाळ्यात जळण ओलं झालं की तेव्हा. भाकरी चुलीवर. आंघोळीचं पाणी चुलीवर नाहीतर बंबावर. हुरडा, पुरणपोळी, लग्नाचा स्वयंपाक, गुरांची आंबवण शिजवणं, सगळं विस्तवावर. म्हणजे गॅस आला तरी चूल काही उठून गेली नाही. मग तिच्याजवळ बसायचंच आहे तर नीट बसावं, एवढंच आमचं म्हणणं.

हा विषय निघाला कसा ते सांगतो. आमच्यातली एक लग्नाआधी पाचगणीला एका बंगल्यात कामाला होती. तिथं दिवाणखान्यात भिंतीत शेकोटी होती. शेकोटीच्या बाजूला लोखंडी उभा दांडा आणि त्याला चार हत्यारं टांगलेली. लाकडं हलवायला टोकदार सळई, निखारा उचलायला लांब चिमटा, राख भरायला छोटं खोरं आणि झाडायला लांब दांड्याचा ब्रश. हिनं पहिल्या दिवशी विचारलं, एवढं कशाला? तर तिथली जुनी मावशी म्हणाली, "विस्तवाला हात लावायचा नसतो म्हणून." गटाच्या बैठकीत तिनं ही गोष्ट हसत हसत सांगितली. आम्हीही हसलो. मग हिशेब केला. त्या बंगल्यातली शेकोटी वर्षात फार तर महिनाभर पेटत असेल, तर तिला चार हत्यारं. आपली चूल दिवसातून दोनदा, बारा महिने पेटते. तिच्याजवळ काय आहे?

त्याच बैठकीत आम्ही प्रत्येकीला घरातली चुलीची हत्यारं आणायला लावली. बघण्यासारखं होतं ते. एका फुंकणीचं टोक जळून कातरल्यासारखं झालेलं. दोन चिमटे, एकाची टोकं एकमेकांना भेटत नव्हती, एक तर इतका छोटा की त्यानं पापडही जपूनच भाजावा. सांडशी सगळ्यांकडं होती, पण निम्म्यांची खिळ्यात लटलटत होती. राख ओढायला कुणाकडं फुटक्या डब्याचं झाकण, कुणाकडं मोडकं उलथणं, कुणाकडं तुटलेली टाइल. आणि थोरल्या आत्या तर रिकाम्या हातानं आल्या. म्हणाल्या, "माझी हत्यारं माझ्या अंगालाच आहेत. दहा बोटं आणि एक पदर."

हसायचं थांबलं ते तिथं. कारण आमच्या गटातल्या एका सुनेचा हात त्या वर्षीच भाजला होता, तो पदरानंच. आमटीचं पातेलं उतरवायचं होतं, सांडशी सापडेना, पोर रडत होतं. पदराची घडी करून दोन्ही काठ धरले. साडी नायलॉनची. पदराचं टोक वैलाच्या निखाऱ्यावर लोंबलं ते तिला कळलंच नाही. सुती कापड जळतं ते जळून राख होतं. नायलॉन, टेरिकॉट वितळतं आणि कातडीला चिकटतं. दुरडीभर भाकरी करणारी ती पोरगी दोन महिने उजव्या हातानं घास घेऊ शकली नाही. सासूनं घोंगडी टाकून विझवलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

सांडशी त्या दिवशी होती कुठं? कणगीच्या मागं पडली होती. मुलांनी खेळायला नेली होती. घरात सांडशी होती, पण तिची जागा नव्हती, म्हणून ती असून नसल्यासारखीच झाली. म्हणून हत्यार कोणतं घ्यायचं याच्याआधी ते कुठं टांगायचं ते ठरवा, असं आम्ही म्हणतो. चुलीला तोंड करून बसलं की उजव्या हाताला, बसल्या जागेवरून पोचेल आणि रांगत्या पोराला पोचणार नाही अशा उंचीवर भिंतीत एक पट्टी आणि चार खिळे. डावखुरीनं डाव्या बाजूला. चुलीच्या बरोबर वर मात्र नको, काही घ्यायला ज्वाळेवरून हात न्यावा लागता कामा नये.

आता फुंकणीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळ तोंडाशी असते ती तीच.

फुंकणी म्हणजे नुसती नळी, त्यात निवडायचं काय, असं वाटतं. पण पुष्कळ आहे. बाजारात हल्ली नळाच्या पाइपाचे तुकडे फुंकणी म्हणून विकतात, नाहीतर घरातच बोअरचा उरलेला तुकडा वापरतात. तो पाइप चकचकीत राखाडी दिसत असेल तर त्यावर जस्ताचा मुलामा असतो. तसला पाइप पाण्यासाठी चांगला, विस्तवासाठी नाही. टोक लालभडक तापलं की जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की ताप भरतो, अंग मोडून येतं. वेल्डिंग करणाऱ्या पोरांना हा ताप माहीत असतो. प्लास्टिकच्या नळीचं तर नावच नको. काळ्या लोखंडाची साधी नळी घ्या. पितळेची जुनी फुंकणी घरात असेल तर ती सोन्यासारखी जपा, पण पितळ लोखंडापेक्षा लवकर तापतं आणि उष्णता हातापर्यंत पोचवतं, म्हणून तिचं टोक निखाऱ्यात खुपसून ठेवू नका.

लांबी? आमच्या जुन्या फुंकण्या एक-सव्वा फुटाच्या होत्या. तेवढ्यानं तोंड ज्वाळेजवळ येतं, भुवया करपतात, धूर नाकात जातो. आम्ही पावणेदोन फुटांच्या करून घेतल्या. पाटावर बसून मान न वाकवता फुंकता येतं. भोक आंगठ्याएवढं, म्हणजे पाऊण इंच, आणि चुलीकडचं टोक ठोकून करंगळी जाईल एवढं अरुंद केलेलं. भोक अरुंद झालं की तीच फुंक जोरानं आणि एका जागी जाते. नदीचं पाणी खडकांच्या मधून जाताना कसं धावतं, तसंच. तोंडाकडची कड कानशीनं घासून गुळगुळीत पाहिजे, नाहीतर ओठ कापतो.

फुंकायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही असं वाटतं. तरी दोन गोष्टी ऐका. फुंक ज्वाळेवर मारायची नाही, ज्वाळेच्या बुडाशी निखाऱ्यावर मारायची. टोक निखाऱ्यापासून दोन बोटं लांब. फुंक लांब आणि सावकाश. आणि श्वास आत घेताना फुंकणी तोंडातून काढून मान वळवायची. घाईत तोंड न काढता श्वास ओढला तर नळीतली गरम हवा, राख, धूर सगळं आत. खोकला काढत काढत म्हातारी झालेली एकेक बाई आठवा, म्हणजे मान वळवायचा आळस येणार नाही.

आणि हो, फुंकणी उचलली की आधी जमिनीवर दोनदा आपटायची. आमच्या एका जावेच्या फुंकणीतून गोम निघाली होती. पावसाळ्यात विंचूही निघतो. तेव्हापासून त्यांच्या घरात सकाळी पहिला आवाज कोंबड्याचा आणि दुसरा फुंकणी आपटल्याचा.

सारखं फुंकावं लागतंय म्हणजे चुलीत काहीतरी बिघडलंय, हेही लक्षात घ्या. एक तर जळण ओलं, नाहीतर राख साठून हवेची वाट बुजलेली. आपल्याकडं जळण म्हणजे वेडी बाभूळ, तुराट्या, ज्वारीची धसकटं, शेण्या. धसकटांची नि शेण्यांची राख खूप होते. ती दोन दिवस तशीच राहिली की लाकडं राखेत रुततात, खालून हवा मिळत नाही, नुसता धूर. मग आपण फुंकत बसतो. त्यापेक्षा आकडा घ्या.

आकडा म्हणजे साधी सळई, एक टोक वाकवलेलं. बांधकामावर उरलेली आठ एमएमची सळई चालते. दोन फूट तुकडा, वजन पाव किलोच्या आसपास. एका टोकाला बोटभर लांबीचा आकडा, दुसऱ्या टोकाला टांगायला आणि धरायला कडी. यानं लाकूड मागं ओढायचं, पुढं सारायचं, दोन लाकडांच्या मधे जागा करायची. एवढ्यानं चूल फुंकल्याशिवाय पेट घेते, पुष्कळ वेळा. भाकरी झाल्या की अर्धवट जळालेली लाकडं याच आकड्यानं बाहेर ओढायची आणि राखेत किंवा मातीत दाबायची. आम्ही आधी लाकडं तशीच चुलीत ठेवत होतो, ती आपली जळून जायची आणि वर पातेलं नसायचं. डोक्यावर मोळी आणणारीला ते लाकूड कुणी फुकट दिलेलं नसतं. पाणी मात्र चुलीत ओतू नका. तापलेली माती तडकते आणि वाफेबरोबर गरम राख तोंडावर उडते.

कडीवर प्लास्टिकची नळी चढवून मूठ करतात काहीजणी. ती वितळते. लाकडाची मूठ बसवा, नाहीतर सुती चिंधी गुंडाळा, तीही घट्ट, लोंबती नको.

आता चिमटा. यात आम्ही सगळ्यात जास्त फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टीलचे पातळ चिमटे आठवडी बाजारात ढिगानं मिळतात. भाकरी तव्यावरून उचलून आरावर उभी करायला ते ठीक आहेत. पण त्यानं रसरशीत निखारा उचलायला गेलं की पत्रा पिळवटतो आणि निखारा मधेच सटकतो. निखारा पडतो तो नेमका पायावर नाहीतर सतरंजीवर. निखाऱ्याचा चिमटा वेगळा पाहिजे. लांबी दीड फूट, पट्टी जाड, टोकं थोडी आत वळलेली आणि आतून खाचा पाडलेल्या. बाजारात घेताना तिथंच तो वीस-पंचवीस वेळा दाबून बघा. विकणारा काही म्हणेल, म्हणू दे. हात भरून आला तर पट्टी फार कडक आहे, रोज दुखेल. दाबल्यावर परत पुरता उघडत नसेल तर तो महिन्यात मिटून बसेल. टोकं एकमेकांवर बरोबर बसतात का बघा. आम्ही एक साधी परीक्षा केली, काडेपेटीतली एक काडी उचलून बघायची आणि मग लिंबाएवढा दगड. दोन्ही उचलले तर चिमटा चांगला.

आमचे चिमटे आम्ही घिसाड्याकडून करून घेतले. दिवाळीनंतर त्यांचं बिऱ्हाड गावाच्या कडेला उतरतं, तुम्हाला माहीतच आहे. खुरपी, विळे शेवटायला आपण जातोच. त्यांच्यात पक्कडीनं लोखंड धरून बसतो तो पुरुष आणि उभं राहून घण मारते ती बाई. आम्ही गेलो तेव्हा ती बाई पाच महिन्यांची पोटुशी होती आणि घण मारत होती. चुलीच्या हत्यारांचं आमचं म्हणणं तिला आधी कळलं, तिच्या नवऱ्याला मागाहून. तो म्हणत होता, चिमटा म्हणजे चिमटा, वीस वर्षं असेच करतोय. ती म्हणाली, "बाया बसून वापरतात, तू उभ्यानं दाखवतोस. बसून बघ." बसल्यावर त्याचा त्यालाच चिमटा आखूड वाटला.

त्यांनी ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड वापरलं. तसल्या पाट्यात मुळातच कमानीसारखी उसळी असते. तापवून, ठोकून, मग पाणी देऊन ती धरून ठेवतात. आणि इथंच त्या माणसानं आम्हाला जी गोष्ट सांगितली ती आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. चिमटा चुलीत विसरला आणि लाल झाला, मग आपोआप गार झाला, की त्याची उसळी गेली. दिलेलं पाणी उतरतं. मग तो दाबला की दाबलेलाच राहतो. आपण म्हणतो, चिमटा खराब निघाला, घिसाड्यानं फसवलं. फसवलं कुणी नाही, आपणच तो चुलीच्या तोंडात ठेवून पाणी आणायला गेलो होतो.

लाल झालेलं लोखंड दिसतं तरी. जरा गार होऊन काळं पडलेलं लोखंड दिसायला थंड लोखंडासारखंच असतं, आणि हात चरचरीत भाजतो. म्हणून चुलीपासून हातभर लांब एक सपाट दगड ठेवा. वापरलेलं हत्यार आधी त्या दगडावर, गार झाल्यावर खिळ्याला. दगडावरचं उचलायचं नाही हे पोरांना एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावं लागतं. आपणही उचलताना आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघावी, मग धरावं.

सांडशीबद्दल फार सांगत नाही, ती सगळ्यांना येते. खिळा लटलटत असेल तर घिसाड्याकडून नाहीतर सायकलवाल्याकडून ठोकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मोठ्या पातेल्याला एक सांडशी पुरत नाही, दोन लागतात, दोन्ही हातांना दोन. लग्नाच्या पातेल्याला दोन माणसं. आणि सांडशीनं धरलेलं भरलं पातेलं पोराच्या डोक्यावरून कधी न्यायचं नाही.

चौथं हत्यार खोरं, आणि त्याच्या जोडीला झाकणाचा पत्र्याचा डबा. हे दोन्ही मिळून एकच धरा. खोऱ्याचं पान हाताच्या पंजाएवढं, तिन्ही बाजूंनी कड वळवलेली, दांडा दीड फूट. पत्र्याचं काम करणाऱ्यानं तेलाच्या जुन्या डब्यातून कापून दिलं तरी चालतं. आमच्या गटात आठ खोरी अशीच झाली.

खोऱ्यापेक्षा डबा महत्त्वाचा, आणि त्याचं कारण आम्ही विसरणार नाही. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यातल्या एकीनं संध्याकाळी चूल काढली. राख वरून पांढरी, मऊ, बोट घातलं तर कोमट. उकिरड्यावर नेऊन ओतली. रात्री वारं सुटलं. उकिरड्याच्या पलीकडं कडब्याची गंजी होती. पहाटे कुत्री भुंकायला लागली तेव्हा गंजीच्या बुडाला जाळ होता. माणसं धावली, गुरं सोडली, गोठा वाचला. गंजी गेली. वर्षभराचा चारा गेला आणि पुढं एक बैल विकावा लागला. तिला घरात कुणी काही बोललं नाही, पण ती स्वतः अजून बोलते. आज हे लिहायला तिनंच सांगितलं.

राखेच्या पोटात निखारा कितीतरी तास जिवंत राहतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे चांगलं माहीत होतं, त्याच्यावरच त्यांचा संसार चालायचा. रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचा आणि सकाळी उकरून त्यावर काटक्या टाकून फुंकलं की चूल पेटली. काडेपेटी महाग होती. घरचा विस्तव विझलाच तर शेजारणीकडून शेणीवर मागून आणायचा. दोघींतून विस्तव जात नाही असं आपण भांडकुदळ शेजारणींबद्दल म्हणतो ना, ते त्यातूनच आलं असावं. तर रात्रभर राखेत जगणारा निखारा उकिरड्यावर टाकला म्हणून लगेच मरेल, असं का समजावं?

म्हणून राख सकाळी काढायची, चूल पेटवण्याआधी, आदल्या रात्रीची. खोऱ्यानं ओढून पत्र्याच्या डब्यात भरायची, झाकण लावायचं, डबा घराबाहेर मातीवर किंवा दगडावर ठेवायचा. प्लास्टिकची बादली नको, पाटी नको, गोणपाट नको. एक पूर्ण दिवस आणि एक रात्र गेली की मगच ती राख उकिरड्यावर, परसात किंवा भांड्यांना. कडधान्याला राख लावून ठेवतो आपण, तिथंही हीच जुनी, चाळलेली, थंडगार राख. चुलीत प्लास्टिकची पिशवी, रंगीत कागद, औषधाची पाकिटं जाळली असतील तर ती राख भांड्यांना आणि धान्याला वापरू नका. खरं म्हणजे जाळूच नका. ओल्या राखेचं पाणी हाताला चरचरतं, डोळ्यात गेलं तर फार वाईट, तेही पोरांपासून लांब.

याच डब्याचा दुसरा उपयोग. स्वयंपाक झाल्यावर रसरशीत निखारे चिमट्यानं दुसऱ्या अशाच डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं की हवा न मिळाल्यामुळं ते विझतात आणि कोळसा होतो. इस्त्रीला, शेगडीला तो कामी येतो. पुरता गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. घाईनं उघडलं की पुन्हा पेटतो.

शेगडीवरून बाळंतिणीची गोष्ट निघणारच. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून दार-खिडकी लावून घ्यायची आपल्याकडं रीत आहे. बाळाला वारं लागू नये म्हणून. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून भीती वाटत नाही. पण निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत झोंबत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातं. बाळंतीण आणि तान्हं बाळ तर आधीच नाजूक. शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून, जागं माणूस बसवून, आणि शेक झाला की चिमट्यानं निखारे काढून शेगडी बाहेर. रात्रभर खोलीत ती ठेवायची नाही. सासूबाईंना आमचं नाव सांगा, रेडिओवर सांगितलं म्हणावं. बंद न्हाणीत बंब पेटवून आंघोळ करणाऱ्यांनाही तेच. बंबाचं आणखी एक, तो कधी रिकामा पेटवू नका, डाग दिलेले सांधे सुटतात. आणि त्याच्या जाळीखाली निखारे पडतात तिथं खोरं सरकवून ठेवा. थंडीत पोरं नेमकी तिथंच शेकायला उघड्या पायांनी उभी राहतात.

एवढं करूनही भाजलंच तर? साधं गार पाणी, वाहतं, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस मिनिटं, कारण वेदना थांबली की आपण दोन मिनिटांत हात काढतो. नळ नसेल तर तांब्यानं ओतत राहायचं. बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, राख, काही नको. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी काढून घ्या. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखान्यात. लहान मूल असेल, चेहरा, हात, सांधा भाजला असेल किंवा भाजलेली जागा आपल्या तळहातापेक्षा मोठी असेल तर घरात थांबायचंच नाही, १०८ ला फोन करायचा. अंगावरच्या कपड्याला आग लागली तर पळायचं नाही. पळालं की वाऱ्यानं भडकते. जमिनीवर पडून लोळायचं, जवळच्यानं घोंगडी टाकायची. आणि चुलीपुढं बसताना पदर कमरेला खोचलेला, साडी सुती. जुन्या सुती साड्या मऊ म्हणून आपण बाळाच्या दुपट्याला काढतो, त्यातल्या दोन चुलीसाठी ठेवा.

हे सगळं झाल्यावर आम्ही चौदा जणींनी मिळून मागणी दिली. एकेकटीनं चिमटा सांगितला तर घिसाडी भट्टी पेटवून एवढंसं काम करायला नाराज असतो, चौदांचं एकदम सांगितलं तर भावही कमी आणि मापही आपलं. पैसे गटाच्या बचतीतून दिले आणि दर महिन्याला थोडे थोडे फेडले. घरी काही ठिकाणी बोलणी बसली. एका दादल्यानं विचारलं, चिमट्याला कर्ज काढतात का? तिनं उत्तर दिलं नाही. त्याच्या मोटारसायकलच्या हप्त्याचा कागद फळीवर होता, तो काढून समोर ठेवला.

थोरल्या आत्यांनी सुरुवातीला आकडा वापरलाच नाही. बोटांनीच निखारा सारायच्या. बोटांची कातडी इतकी जाड झालेली की म्हणायच्या, मला लागतच नाही. मग एक दिवस त्यांच्या नातीनं, चार वर्षांची आहे, आजीसारखं करायला म्हणून हात पुढं नेला. वेळेवर धरली. दुसऱ्या दिवशी आत्यांच्या भिंतीवर खिळे होते.

मापं लिहून घ्यायची असतील तर पोरांच्या वहीचं पान घ्या, सावकाश सांगतो. फुंकणी, काळं लोखंड, पावणेदोन फूट, भोक पाऊण इंच, पुढचं टोक अरुंद. आकडा, आठ एमएम सळई, दोन फूट, मागं कडी. चिमटा, दीड फूट, टोकं आत वळलेली. खोरं, पान पंजाएवढं, दांडा दीड फूट. राखेचा डबा पत्र्याचा, झाकणासकट. भिंतीला पट्टी आणि चार खिळे. सांडशीला पाचवा. घिसाड्यांचं बिऱ्हाड या वर्षी अजून आलेलं नाही. आलं की याच वेळेला रेडिओवरून सांगू, म्हणजे तुमच्या गावावरून जातील तेव्हा तुम्हाला मागणी तयार ठेवता येईल.